संग्राम, पंजा कशाला उघडायचा होता तुला?

संग्राम,

परवा तू गेलास तेव्हापासून माझं उजवं मनगट सुजलंय. तुझ्या भावानं पिरगळलं. तुझ्या अंगावर ओणवी होऊन मी त्याच्याशी झटापट केली. बायका किंचाळत होत्या, तुझे आप्पा मधे पडले, आणि तू पहिल्यांदाच गप्प होतास. ज्या मारामारीत तुझा हात नव्हता अशी बहुतेक ही एकच, म्हणून म्हटलं, तुला कुणीतरी सगळं नीट सांगायला हवं.

गेलेल्या माणसाबद्दल लोक चांगलं बोलतात. मला ते जमणार नाही. तू जिवंत असताना मी तुझ्याशी एक शब्द गोड बोलले नाही, आणि आता सुरुवात केली तर तू म्हणशील, ‘मॅडम, तब्येत बरी हाय ना?’ तेव्हा आपलं नेहमीसारखंच चालू दे. तू निर्लज्ज, हट्टी आणि शिवराळ होतास. तुझ्यावर माझा जीव होता. दोन्ही सांगून टाकलं, आता पुढचं बोलते.

पहिल्या दिवशी तू माझ्या दवाखान्यात आलास तो शिव्या देतच. हातांतलं बळ गेलेल्या माणसांवर मी उपचार करते. अशा लोकांचा दवाखाना सदाशिव पेठेत पहिल्या मजल्यावर असावा, हे फक्त पुण्यातच खपतं. लिफ्ट आहे. चालू नसते, एवढंच. तुमची ती मोठी पांढरी गाडी गल्लीत आडवी लागली, मागच्या स्कूटरवाल्यांनी हॉर्न सुरू केले, आणि एका दणकट पोरानं तुला पाठुंगळीला घेतलं. हात कोपरात वाकवण्याइतकी ताकद तुझ्यात उरली होती, तेवढ्यावर तू त्याच्या गळ्याला लटकला होतास. तुझं तोंड त्याच्या कानाशी होतं. त्या कानात तू तळमजल्यापासून वरपर्यंत अशा शिव्या ओतल्यास की अर्धांगाच्या उपचारासाठी आलेले आमचे निवृत्त मास्तर खुर्चीतून उठून उभे राहिले. तोवर त्यांना आधाराशिवाय उभं राहता येत नव्हतं.

मी विचारलं, “हे कोण?”

“माझी मान मोडणारा,” तू म्हणालास.

त्या पोरानं तुला चाकांच्या खुर्चीत ठेवलं, तुझे पाय फळीवर नीट लावले, पोटावर चढलेला शर्ट खाली ओढला आणि बाहेर जिन्यात जाऊन बसला. तो तुझा सख्खा धाकटा भाऊ अभि, हे मला तुझ्या वडिलांनी, आप्पांनी सांगितलं. तू त्याचं नावसुद्धा घेत नव्हतास.

तुझी बाजू मी इतक्या वेळा ऐकली आहे की झोपेतून उठवलं तरी सांगेन. वारज्यातली तुमची जमीन बिल्डरांकडे गेली, पण तालमीचा तुकडा आप्पांनी विकला नाही. इमारतींच्या मधे तो लाल मातीचा आखाडा राहिला आणि तू तिथला मोठा पैलवान. त्या सकाळी अभि उशिरा आला, जांभया देत. तू सगळ्या पोरांसमोर त्याच्या थोबाडीत ठेवून दिलीस. नवीन काही नव्हतं त्यात, लहानपणापासून तो तुझ्या थापडा खातच आला होता. त्या दिवशी मात्र तो लंगोट लावून मातीत उतरला आणि सलामी न देताच तुला भिडला. जोड धरण्याआधी दोघांनी एकमेकांना माती लावायची, हात मिळवायचा आणि मगच अंगाला हात घालायचा, हा तुमचा रिवाज. अभिनं तो मोडला. मागून आला, ढाकेचा डाव टाकला आणि जन्मात पहिल्यांदा तुला उचलून आपटला. तू डोक्यावर पडलास. मानेचा आवाज आप्पांनी आखाड्याबाहेर ऐकला.

“पाठ लागली न्हाय माझी,” तू म्हणायचास. पाठ मातीला लागली की पैलवान हरला. तू मानेवर पडलास, म्हणून हरला नाहीस, असा तुझा कायदा. दिवसभर पलंगावर उताणा पडून तू हे सांगायचास आणि आम्ही ऐकून घ्यायचो. “सलामी न देता भिडला त्यो. ती कुस्ती न्हाय मॅडम, ती मारामारी. आन् मारामारीत माझा डाव राहिलाय.”

नव्या माणसाला मी एक प्रश्न विचारते, हातानं पहिल्यांदा काय करावंसं वाटतं? कुणी म्हणतं चमचा धरायचाय, कुणी म्हणतं दाढी करायचीय, एका आजींना फक्त जपमाळ हवी होती. तू म्हणालास, “मूठ.”

“मूठ करून काय?”

“अभिचा जबडा.”

“जेवायचं नाही स्वतःच्या हातानं?”

“भरवायला आई हाय. मारायला कोण हाय?”

मी तुला हाकलून द्यायला हवं होतं, असं माझ्या हाताखालच्या मुली म्हणाल्या. मला तसं वाटलं नाही, अजूनही वाटत नाही. चमचा हवा म्हणणारी अर्धी माणसं महिन्याभरात येईनाशी होतात. तुझ्या डोळ्यांत जी आग होती ती मला कामाची वाटली. आग कुणाला जाळते ते नंतर बघू, असं मी म्हटलं.

मग ते मशीन आलं. कोपराखाली गुंडाळायची एक बाही, तिच्या आत करंट सोडणारे पॅड, आणि दुसऱ्या खांद्यावर चिकटवायचं बटण. मी तुला समजावलं, डोकं हुकूम सोडतं, तो मानेतल्या मोडक्या जागी अडतो, खाली हाताचे स्नायू हुकमाची वाट बघत बसलेत. हे मशीन तो हुकूम बाहेरून, कातडीवरून देतं. डावा खांदा उचललास की उजवी मूठ मिटेल, पुन्हा उचललास की उघडेल. बाही काढली की हात पुन्हा होता तसा लुळा.

“म्हंजी लाइट गेली की हात गेला,” तू म्हणालास.

“बॅटरी आहे.”

“मग आमच्या सोसायटीपेक्षा बरं हाय.”

पहिले काही दिवस मूठ काही मिटेना. एक बोट थरथरायचं, दुसरं भलतीकडेच वळायचं. मी पॅड बदलले, करंट वाढवला, कंपनीच्या माणसाला फोनवर फैलावर घेतलं. आणि एका सकाळी बाही काढली तर खाली कातडी भाजलेली. लालभडक डाग, मधे फोड. तुला कळलं नव्हतं, कारण तिथलं तुला काहीच कळत नव्हतं. मी तुझा हात नाकाशी नेला आणि मला वास आला. तिळाच्या तेलाचा.

आप्पा रोज सकाळी तुझ्या दोन्ही हातांना तेल रगडत होते. पैलवानाचं अंग, उपचाराला जायचंय, म्हणून जास्तच. तेलावर पॅड नीट बसत नव्हते. कुठेतरी कोपऱ्यात चिकटायचे आणि सगळा करंट तेवढ्याच जागेतून घुसायचा. मी बाहेर जाऊन सगळ्या पेशंटांसमोर आप्पांना झापलं. मिशीवाला, सहा फुटी, एकेकाळचा नावाजलेला मल्ल माझ्यापुढे मान खाली घालून उभा. “मॅडम, पैलवानाच्या हाताला तेल न्हाय तर काय लावायचं?” मी म्हटलं, काहीही लावायचं नाही, कोरडा हात पाहिजे. दुसऱ्या दिवशी हात अगदी कोरडा होता. आप्पांनी तेल लावून झाल्यावर ते तालमीच्या लाल मातीनं पुसून काढलं होतं. पॅडला माती, माझ्या टेबलाला माती, तुझ्या नखांत माती. तू ती नखं तुझ्या नाकाजवळ धरायला सांगितलंस. मी धरली. तू डोळे मिटून घेतलेस आणि बराच वेळ एकही शिवी दिली नाहीस. त्या दिवशी मी आप्पांना काही बोलले नाही.

जखम भरल्यावर, कोरड्या धुतलेल्या हातावर बाही चढवली आणि तुझी मूठ मिटली. पाचही बोटं, एकदम. मी मोठ्या उत्साहानं स्पंजचा चेंडू पुढे केला. तू चेंडू सोडून माझं मनगट धरलंस आणि खांदा हलवलाच नाहीस.

“सोड.”

“न्हाय.”

“संग्राम, सोड.”

“किती दिवसांनी काय तरी धरलंय मॅडम. राहू द्या की.”

हाडावर हाड घासत होतं. करंट लाज बाळगत नाही; तो जेवढा सोडला तेवढा दाबतो. मी दुसऱ्या हातानं तुझा कान धरला आणि पिरगळला. कान तर तुला कळत होता! तू बोंब ठोकलीस, मीही ठोकली, दारात मुली जमल्या, आणि तशा अवस्थेत आपण दोघं हसायला लागलो. हसताना तुझा खांदा उचलला गेला आणि मूठ उघडली. माझ्या मनगटावर चार बोटांचे वळ आठवडाभर होते. घरी मी खोटं सांगितलं, दारात अडकलं म्हणून. खरं तर ते वळ मला लोकांना दाखवत फिरावंसं वाटत होतं.

तुझे उपकारही आहेत, ते सांगायला हवेत. आमचे मास्तर रोज रडायचे. एवढे शिकवलेले हात आता खडू धरत नाहीत म्हणून. तू त्यांना म्हणालास, “रडताय कशापायी काका? शिव्या द्या हाताला. त्याला बी कळू द्या.” मास्तरांनी घसा साफ केला आणि आपल्याच उजव्या हाताला ‘गाढवा’ म्हटलं. तू म्हणालास, ही शिवी न्हाय, ही हजेरी झाली. मग तू त्यांना शिकवलंस. आता मास्तर खडू धरतात. त्यांच्या बायकोनं माझ्याशी बोलणं टाकलंय.

आणि मग तो दिवस. अभि तुला वर घेऊन आला. बाही घरूनच चढवलेली होती. सराव करतोय, म्हणालास. अभिनं तुला खुर्चीत ठेवलं आणि तुझा पाय फळीवर लावायला वाकला. मी खिडकीशी पाठमोरी होते. मला फक्त आवाज आला, पाण्यात दगड पडावा तसा. वळून पाहिलं तर अभिच्या तोंडातून रक्त येत होतं आणि तुझी मूठ हवेत होती.

कोपर सरळ करायचं बळ तुझ्यात नव्हतं, म्हणून तू खांद्यातून फिरवून, आडवा मारला होतास. तेवढ्यासाठी तू किती दिवस भिंतीवरच्या उशीवर हात आपटत होतास, ते तुझ्या आईनं मला नंतर सांगितलं. अभि मागे सरला नाही. तसाच वाकलेला, फरशीवर रक्ताचे थेंब पाडत तो म्हणाला, “दादा, अजून एक.”

तू अजून एक मारलास. त्याचा ओठ फाटला. मी ओरडत धावले, पण तू तिसरा उगारला होतास, आणि तो चुकला, आणि त्याच्या जोरावर तू खुर्चीतून घसरून त्याच्या अंगावर कोसळलास. दोघं भाऊ माझ्या फरशीवर. तो खाली, तू वर. पुन्हा एकदा आखाड्यात, फक्त या वेळी पाठ त्याची लागली होती. तो तुझ्याखालून निघू शकला असता. तुझं अंग त्याला काय जड होतं, रोज तर वाहत होता. तो तसाच पडून राहिला. रक्तानं भरलेल्या दातांनी हसला, आपला हात वर केला आणि म्हणाला, “झालं ना? आता हात दे.”

तू त्या हाताकडे पाहिलंस. तुला फक्त डावा खांदा उचलायचा होता. मूठ उघडली असती, त्यानं पंजा धरला असता, संपलं असतं सगळं. मी बघत होते. तू खांदा उचलला नाहीस. तू मूठ त्याच्या तोंडासमोर तशीच धरून ठेवलीस, दातओठ खात. करंटनं मिटलेली मूठ लवकर दमते. थोड्या वेळानं ती आपोआप सैल पडली. ती तू उघडली नाहीस हे अभिला माझ्याइतकंच कळलं. तो उठला, तुला उचलून खुर्चीत ठेवलं, तुझ्या शर्टावरचं आपलं रक्त ओल्या फडक्यानं पुसलं आणि जिन्यात जाऊन बसला.

मी तुझ्या हातावरून बाही ओरबाडून काढली आणि कपाटात कुलपात टाकली. त्यावर तू जो थयथयाट केलास तो अख्ख्या पेठेनं ऐकला. “माझा हात कुलपात ठेवलाय तुमी! कुणाचा हात असा कपाटात ठेवतात का?” मी म्हटलं, हात माणसासारखा वागला तर मिळेल. तू म्हणालास, “हातानं मारलं म्हणून काढून घेता? तसं असतं तर आप्पांचे दोन्ही हात कधीच काढून घ्यायला पायजे होते.” हात कशासाठी असतो यावर आपलं भांडण तिथंच अर्धवट राहिलं आणि तू ते तसंच टाकून गेलास. हा पळपुटेपणा आहे.

घरून तू मला मोबाइलवर आवाजी निरोप पाठवायचास. आईला फोन तोंडापुढे धरायला लावून शिव्या. मागून ती माउली म्हणतेय, “आरं, बास की आता, हात दुखला माझा.” मी उत्तर द्यायचे, ‘उच्चार स्पष्ट आहेत, छाती चांगली चालली आहे.’

मग एक दिवस निरोप आला आणि त्यात एकही शिवी नव्हती. म्हणून मी तो दोनदा ऐकला. “मॅडम, मूठ नको. मूठ झाली. आता पंजा उघडायला शिकवा. पुरता. बोटं सरळ.”

तू आलास तेव्हा मी विचारलं, कशाला? तू म्हणालास, “थापड मारायचीय. मुठीत मजा न्हाय. थापडीचा आवाज येतो.”

“अभिला?”

“मग काय तुमाला?”

मी म्हटलं, मी शिकवणार नाही. तू माझ्याकडे बघत राहिलास. तुझ्या तोंडावर तेव्हा जे होतं ते मी पुन्हा पुन्हा आठवून बघते आहे. राग होता का? राग मला ओळखता येतो, तुझा तर पाठ झाला होता. मला तो दिसला नाही. म्हणून मी बाही कपाटातून काढली आणि पुन्हा घरी नेऊ दिली. मूठ मिटणं सोपं असतं संग्राम, उघडणं अवघड. बोटं ताणणारे स्नायू बारीक, आणि इतके दिवस बोटं आत वळून आखडलेली. तू मुठीसाठी जेवढं राबलास त्याच्या दुप्पट पंजासाठी राबलास. अभिला तू आता आत येऊ देत नव्हतास. सराव त्याला दिसायला नको होता.

इथंच मला तुझा गळा धरावासा वाटतो. तुला सांगितलं होतं, बसून राहायचं नाही. थोड्या थोड्या वेळानं कूस बदलायची, पाठीखालची कातडी मोकळी करायची. तुला तिथं दुखत नाही म्हणजे तिथं काही होत नाही असं नाही. तुझी आई रडून सांगायची. तू तिला झिडकारायचास आणि खुर्चीत बसून पंजा उघडत राहायचास, सकाळपासून संध्याकाळपर्यंत. माकडहाडावर जखम झाली, ती तू कुणाला बघू दिली नाहीस. अभि अंघोळ घालताना ओरडला तर त्यालाच हाकललंस. ताप आला तेव्हा जखम हाडापर्यंत गेली होती. जन्मभर पाठ लागली नाही म्हणत राहिलास आणि मेलास तो पाठीनंच. मूर्ख माणसा, इतकी घाई कसली होती? मी कुठं जाणार होते? अभि कुठं जाणार होता?

शेवटचा आलास तेव्हा पंजा उघडला. पूर्ण. पाचही बोटं सरळ. मऊ, पांढराफटक तळवा; डंबेलांचे, मातीचे घट्टे सगळे गेलेले. तू त्याकडे बघून म्हणालास, “बाईचा हात झालाय.” मी म्हटलं, बाईच्या हाताचा मार तू खाल्लेला नाहीस अजून. तू हसलास. जाताना म्हणालास, “पुढल्या बारीला अभिला आत बोलवा. जिन्यात नका बसवू त्याला.” पुढली वेळ आलीच नाही.

परवा सकाळी हॉस्पिटलात तू गेलास आणि दुपारच्या आत तुला घरी आणलं. मी स्कूटर काढून आले. तू मधल्या खोलीत सतरंजीवर, अंगाला अजून थोडी ऊब. आई तुझ्या पायाशी. आप्पा भिंतीला टेकून, हातात तेलाची वाटी. तेवढं एकच त्यांना सुचलं होतं. अभि मशीनचा खोका घेऊन आतून आला आणि माझ्या पायाशी ठेवला.

“मॅडम, एकदा लावा.”

“काय?”

“एकदा लावा त्याला. एकदाच मूठ मिटू द्या माझ्या हातावर. परत न्हाय मागणार.”

मी म्हटलं, नाही. त्यानं स्वतःच बाही काढली आणि तुझ्या हातावर चढवायला लागला. त्याला येत होतं सगळं, मुठीच्या दिवसांत रोज तोच तर चढवायचा. मी बाही धरली. तो सोडेना, मी सोडेना. तुझा हात आमच्या मधे ओढला जात होता, इकडे, तिकडे. बायका ओरडायला लागल्या. त्यानं माझं मनगट पिरगळलं, तिथंच, जिथं तू धरलं होतंस. मी कळवळले पण सोडलं नाही. आप्पांनी त्याला मागून मिठी घातली आणि तिघंही आम्ही भिंतीवर आदळलो. तेल सगळ्या सतरंजीवर.

अभिला वाटलं असेल, मेलेल्या हातावर मशीन चालत नाही म्हणून मी अडवतेय. चाललं असतं. अजून थोडा वेळ चाललं असतं. माणूस गेला तरी स्नायू काही काळ करंटला उत्तर देतात. म्हणूनच मी अडवलं. मी त्याला ओरडून सांगितलं, “बटण त्याच्या खांद्यावर होतं! ते आता तू दाबणार. मग हात कुणाचा? त्याचा नव्हे. तुझाच हात तुझ्याच हातात देऊन काय करशील?” तो खाली बसला आणि तुझ्या बाजूला डोकं टेकून लहान पोरासारखा रडला. मी बाही खोक्यात भरली. ते बरोबर केलं का, हे मला विचारू नकोस. तुला जे द्यायचं होतं ते तू स्वतः द्यायला हवं होतंस.

काल संध्याकाळी, माझ्या हातून तिथंच राहिलेला खोका परत द्यायला तो आला. जिन्यातून वर येताना मधल्या वळणावर थांबल्याचा आवाज आला, तुला पाठीवर सावरून घ्यायला तो थांबायचा तिथंच. ओठावरची खूण अजून आहे. मी चहा दिला. माझं मनगट बघून तो म्हणाला, चुकलं. मी म्हटलं, आमच्याकडे रोजच होतं असं. त्यानं चहाचा एक घोट घेतला. मग म्हणाला, “त्याला पंजा कशाला उघडायचा हुता, मॅडम? आई म्हणती, येडा झाला हुता त्यापायी.”

मी खोटं सांगू शकले असते. सलामीसाठी, म्हणाले असते तर तो आयुष्यभर बरा झोपला असता. पण तू आणि मी एकमेकांशी कधी खोटं बोललो नाही, मग तुझ्या वतीनं तरी कसं बोलू? मी म्हटलं, “मला म्हणाला, थापड मारायचीय. पण त्याचं तोंड तेव्हा तसं नव्हतं. आणि हात मिळवायलाही पंजा उघडाच लागतो. खरं काय ते मला माहीत नाही, अभि.”

त्यानं कप खाली ठेवला आणि आपला उजवा पंजा उघडून बघितला. “थापडच,” तो म्हणाला. “मी वळखतो त्याला. सलामी पहिली दिली नसती त्यानं. आधी थापडच दिली असती, मुस्काट फुटंस्तवर.” मग तो हसला, फाटून सांधलेल्या ओठानं. “पर मॅडम, मूठ मारली की मिटलेलीच राहती. थापड मारून झाली तरी पंजा उघडाच ऱ्हातोय की. मी तसाच धरला असता.”

ऐकलंस का, पैलवान? धरला असता तो.